मेटल कॉन्सर्टला निघालात? आधी परतीची गाडी बघा

मे २०२४ मधला शेवटून दुसरा शुक्रवार, तारीख २४. म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये मेटॅलिका हा हेवी मेटल बँड वाजवणार होता आणि आम्ही पाच जण न्यूर्नबर्गजवळच्या एर्लांगनहून निघालो होतो. पाचांपैकी तिघांची ही पहिलीच मेटल कॉन्सर्ट. त्या तिघांत मीही. तोपर्यंत मेटॅलिका म्हणजे कॉलेजात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांच्या काळ्या टी-शर्टवरचं नाव, एवढीच माझी ओळख. त्या रात्रीचं शेवटचं गाणं मी स्टेडियमबाहेरच्या पायवाटेवर, यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, दिशेने धापा टाकत, पाठमोरी ऐकलं. शेवटची गाडी चुकेल म्हणून आम्ही पळत होतो.

त्यानंतर बऱ्याच वाऱ्या झाल्या. आता नवीन आलेली मुलंमुली विचारतात, "ताई, तिकीट काढलंय, पुढे काय करू?" तर पुढचं हे. उदाहरणं जर्मनीतली, त्यातही म्युनिकची आहेत, कारण मला तीच नीट ठाऊक आहेत. पण स्टेडियम कुठलंही असलं तरी क्रम फारसा बदलत नाही.

पायरी १ : उलटीकडून मोजायला घ्या

बहुतेक जण कार्यक्रमाच्या वेळेपासून पुढे विचार करतात. तुम्ही झोपायच्या जागेपासून मागे या. जर्मनीत उघड्यावरचे मोठे कार्यक्रम शेजाऱ्यांच्या झोपेपायी साधारण रात्री अकराच्या आत आटोपतात. मग हजारो लोक एकाच वेळी एकाच स्टेशनकडे वळतात. स्टेडियमच्या खुर्चीपासून मुख्य स्टेशनच्या फलाटापर्यंत जाताना अर्धा तास लागत असेल, तर कॉन्सर्टनंतर दीड तास धरा. तेवढ्यात तुमची शेवटची गाडी मिळते का, हा पहिला प्रश्न. मिळत नसेल तर मुक्काम कुठे, हा दुसरा.

बायर्न राज्यात फिरणाऱ्या मित्रमंडळींसाठी बायर्न-तिकीट ही फार सोयीची गोष्ट आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, माणशी खर्च खूप खाली येतो आणि म्युनिकमधली यू-बान, एस-बान (लोकल), ट्राम, बस सगळं त्यातच येतं. अटी दोन. ते फक्त रीजनल गाड्यांना चालतं, वेगवान आयसीई गाड्यांना नाही. आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी चालत नाही. शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच चालतं. दोन्हीकडे मुदत दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. तिकिटावर प्रवास करणाऱ्यांची नावं लिहायची असतात, ती गाडीत चढण्याआधी लिहा. ज्यांच्याकडे डॉइचलँड-तिकीट (देशभरच्या रीजनल गाड्यांचा मासिक पास) आहे त्यांना या भानगडीत पडायचं कारण नाही. मात्र ते तिकीट ज्याचं त्याचं, त्यावर मित्राला नेता येत नाही.

न्यूर्नबर्गहून म्युनिकला रीजनल गाडीने पावणेदोन तास लागतात. आयसीई तासाभरात पोचवते. जाताना रीजनल आणि परतताना हाती येईल ते, असा बेत कागदावर छान दिसतो, पण रात्री साडेअकराला काढलेलं आयसीईचं तिकीट खिसा रिकामा करतं. वेळापत्रक दर डिसेंबरात बदलतं, शिवाय रुळांची कामं सदैव चालू असतात. म्हणून मागच्या वर्षी मित्र कुठल्या गाडीने आला होता, ते ऐकून निघू नका. कॉन्सर्टच्या आठवड्यात ॲपमध्ये पुन्हा बघा.

माझं स्पष्ट मत: पहिल्या वेळी मुक्काम करा. दौऱ्याची घोषणा होते त्याच दिवशी हॉटेलांचे दर चढू लागतात, म्हणून तिकीट हाती येण्याआधीच फुकटात रद्द करता येईल अशी खोली धरून ठेवा. म्युनिकमध्ये महाग वाटलं तर फ्रायझिंग, डाखाऊ, आउग्सबुर्ग बघा. पलंग कुठे आहे हे ठाऊक असलं की शेवटचं गाणं आत उभं राहून ऐकता येतं. आमच्या पाच जणांचे त्या रात्री तीस-पस्तीस युरो वाचले असतील. मला ते आजही वाचल्यासारखे वाटत नाहीत.

भारतातून खास येणाऱ्यांसाठी एकच ओळ: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं दुखणं, तेव्हा तारीख ठरताच त्याच्या मागे लागा.

पायरी २ : तिकीट, पण कुठलं?

जर्मन तिकिटांवर दोन शब्द मुख्य. झिट्सप्लाट्स म्हणजे खुर्ची, श्टेप्लाट्स म्हणजे उभं राहायची जागा. मैदानातल्या उभ्या जागेला 'इनेनराउम' म्हणतात आणि त्यातला स्टेजजवळचा कठड्याआतला भाग वेगळा, महाग.

मेटॅलिकाच्या एम-७२ या दौऱ्यात गंमत अशी होती की स्टेज मैदानाच्या एका टोकाला नव्हतंच. बरोब्बर मध्ये बांगडीसारखं गोल स्टेज, बांगडीच्या पोकळीत काही प्रेक्षक (त्या जागेला स्नेक पिट म्हणतात) आणि उरलेले भोवताली. ड्रमचे चार संच चार दिशांना. ड्रमर लार्स उलरिक काही गाण्यांनी एक संच सोडून दुसऱ्यावर जाऊन बसायचा. त्यामुळे "पुढची रांग" या कल्पनेचाच बोजवारा. गायक जेम्स हेटफिल्ड कधी तुमच्यासमोर, कधी मैदानापलीकडे ठिपक्याएवढा. पडदे उंच खांबांवर लावलेले, तेच कामाला येतात. नाव एम-७२ पडलं ते एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या '७२ सीझन्स' या अल्बमवरून. दौरा त्याच महिन्यात ॲमस्टरडॅमला सुरू झाला. बहुतेक शहरांत दोन रात्री, आणि पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री नाही. म्युनिकला या रात्री २४ आणि २६ मे होत्या. अशा दौऱ्यात दोन्ही दिवसांची जोड तिकिटं आधी विकायला येतात, एकेका दिवसाची नंतर. नवख्याने घाई करून जोड तिकीट घेऊ नये. एक रात्र भरपूर होते. पाय सांगतात.

उभं राहायचं की बसायचं? माझी उंची पाच फूट एक इंच. इनेनराउममध्ये मी उभी राहिले की माझे डोळे बरोबर सरासरी जर्मन माणसाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये येतात. त्या रात्री एका माणसाच्या जॅकेटवरच्या सगळ्या शिवलेल्या बिल्ल्यांचा मी सखोल अभ्यास केला. तरीही पुन्हा विचारलंत तर मी उभीच राहीन, पण मागे, जिथे मोकळी जागा असते आणि मान उंचावली तर पडदा दिसतो. गुडघे दुखत असतील, गर्दीत जीव घाबरत असेल, तर खालच्या स्टँडमधली खुर्ची घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

ऑलिम्पिक स्टेडियमची एक खोच: १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं ते तंबूसारखं पारदर्शक छत फोटोत सगळीकडे दिसतं, पण ते निम्म्याच प्रेक्षागारावर आहे. मैदान आणि समोरची बाजू उघडी. जुनी स्टेडियमं बहुतेक अशीच. खुर्ची निवडताना छताखाली की बाहेर, हे नकाशात पाहा.

तिकिटं संपली असतील तर अधिकृत विक्रेत्याच्याच पुनर्विक्रीच्या पानावर रोज डोकावत राहा. शेवटच्या आठवड्यात कुणाचं तरी ऑफिस आडवं येतं, कुणाचं तरी प्रेम मोडतं, तिकिटं परत येतात. स्टेशनबाहेर रोख पैशांत तिकीट विकणाऱ्याकडून मात्र घेऊ नका. अनेक तिकिटांवर घेणाऱ्याचं नाव असतं.

पायरी ३ : टोळी

चार-पाच जणांच्या वर जाऊ नका. सहावा आला की प्रत्येक निर्णयाला पंधरा मिनिटं जास्त लागतात.

हिशेब टीटीएमएम. पण तिकिटं एकानेच एकत्र काढावीत, नाहीतर पाच जणांना पाच वेगवेगळ्या स्टँडमध्ये जागा मिळतात. तिकीट काढणाऱ्याचे पैसे त्याच संध्याकाळी द्या. कॉन्सर्ट आठ महिन्यांनी असते आणि आठ महिन्यांत मैत्रीचं काहीही होऊ शकतं.

तिकिटं सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच पाठवून ठेवा. एका फोनमध्ये पाच तिकिटं आणि त्या फोनची बॅटरी दोन टक्के, हा प्रसंग मी अनुभवलेला आहे.

स्टेडियम भरलं की नेटवर्क जवळपास मरतं. व्हॉट्सॲपवरचा "कुठे आहेस?" हा प्रश्न घरी पोचल्यावर पोचतो. म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं आणि किती वाजता, हे आत जाण्याआधी ठरवा. जागा नेमकी हवी: ब्लॉकचा आकडा, प्रथमोपचाराचा तंबू, अमुक दाराजवळचा खांब. म्युनिकला २९१ मीटर उंच ऑलिम्पिक टॉवर उभा आहे, म्हणून सगळे म्हणतात, "टॉवरखाली भेटू." सगळेच म्हणतात, हीच अडचण.

पायरी ४ : कान

इथे मी जरा थांबणार आहे. ढोल-ताशाच्या गावात वाढलेल्या आपल्या लोकांना वाटतं, आवाजाचं आपल्याला काय कौतुक! विसर्जन मिरवणुकीत आपण ताशापासून दोन हातांवर उभे राहिलेलो असतो. बरोबर. पण पथक पुढे सरकतं, तुम्ही बाजूच्या गल्लीत शिरून चहा पिता. कॉन्सर्टमध्ये आधीचे दोन बँड धरले तर आवाज चार-पाच तास एकाच जागी तुमच्यावर कोसळत असतो.

हिशेब असा मांडतात: ८५ डेसिबलला आठ तास कान सुरक्षित धरले, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. जर्मनीत अशा कार्यक्रमांसाठी जे मानक पाळतात, त्यात प्रेक्षकांमधल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नसते. म्हणजे आयोजकाने सगळे नियम पाळले तरी तुमची पंधरा-वीस मिनिटं पहिल्या बँडच्या तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंतच संपतात. उरलेला वेळ कानांच्या जिवावर.

उपाय दोन-तीन युरोंचा आहे. कुठल्याही ड्रोगेरीत, म्हणजे डीएम किंवा रोसमानसारख्या दुकानात, फोमचे बोळे मिळतात. (ओहरोपाक्स हा तिथला जुना ब्रँड १९०७ पासूनचा, सुरुवातीला मेण आणि कापसाचा.) बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवून ठेवला तर कानातल्यासारखा दिसतो, उपयोग शून्य. फोमने गाणं थोडं गादीखालून आल्यासारखं वाटतं. ते नको असेल तर वीस-तीस युरोंत संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग येतात. गिटार गिटारसारखी ऐकू येते, फक्त लांबून. पुन्हा जाणार याची खात्री असेल तर तेच घ्या. आणि पहिला बँड सुरू होण्याआधी घाला. दुखायला लागल्यावर घालू म्हणणं म्हणजे भिजल्यावर छत्री उघडणं.

पायरी ५ : कपडे, बॅग, डबा

काळा टी-शर्ट सक्तीचा नाही, पण घाला. मळ दिसत नाही आणि फोटोत तुम्ही एकटे पिवळे दिसत नाही. जुनेजाणते चाहते बिल्ले शिवलेलं बिनबाह्यांचं डेनिम जॅकेट घालतात. जर्मन लोक त्याला 'कुटं' म्हणतात. "तुझं कुटं मस्त आहे" असं एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, तेव्हा आमच्यातला कोल्हापूरकर "कुठं, कुठं?" म्हणून मागे वळला होता. मोठे खिळे असलेले पट्टे, जाड साखळ्या दारावर काढून घेतात. बूट बंद आणि जुने. चप्पल घालून आलात तर तुमची बोटं तुम्हाला माफ करणार नाहीत.

मे महिन्यात दुपारी घाम आणि रात्री दहा-बारा अंश अशी हवा असते. अंगावर एकावर एक दोन पातळ कपडे बरे. छत्री आत नेऊ देत नाहीत. स्वस्तातला प्लास्टिकचा रेनकोट घडी करून खिशात ठेवा.

बॅगेचा नियम सगळ्यांत जास्त लोकांना नडतो. जर्मन स्टेडियमांत साधारणपणे ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग चालत नाही, आणि काही ठिकाणी मुळीच चालत नाही. पुढच्या एका कॉन्सर्टला आमच्यातला एक जण थेट ऑफिसातून लॅपटॉपची पाठपिशवी घेऊन आला. दारातून परत पाठवला. मुख्य स्टेशनवर लॉकरमध्ये बॅग ठेवून तो आला तेव्हा पहिले दोन्ही बँड संपले होते. आयोजकाच्या साइटवरचं नियमांचं पान आदल्या दिवशी वाचा. पाण्याचंही तिथेच असतं. बहुधा बाटली नाही, पण अर्ध्या लिटरचा कागदी डबा कधीकधी चालतो.

पोट गाडीतच भरून घ्या. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. लोणच्याचा वास सुटल्यावर समोरच्या बाकावरच्या काळ्या कपड्यांतल्या दाढीवाल्याने आधी नाक वर केलं, मग हात पुढे केला. आत फ्राइज, सॉसेज, बिअर, आणि शाकाहारींची रांग त्याच फ्राइजसमोर. पेयाच्या प्लास्टिक ग्लासवर फांड, म्हणजे अनामत, घेतात. रिकामा ग्लास परत दिला की ती मिळते.

पायरी ६ : आत

पहिली गोष्ट, दारातून आत गेल्यावर डावीकडे-उजवीकडे बघून बाहेर पडायच्या वाटा लक्षात ठेवा. दुसरी, स्वच्छतागृहाला शेवटच्या बँडआधीच जाऊन या. (मेटलच्या मैदानात पुरुषांची रांग बायकांच्या रांगेपेक्षा लांब असते. हे दृश्य मी फोटो काढून आईला पाठवलं.)

नवख्यांना भीती वाटते ती 'पिट'ची. गर्दीत अचानक एक वर्तुळ मोकळं होतं आणि त्यात लोक एकमेकांवर आदळतात किंवा गोल धावत सुटतात. लांबून पाहिलं तर मारामारी. जवळून पाहिलं तर वारीतल्या रिंगणासारखी शिस्त: कडेचे लोक हात पुढे करून आतल्यांना सावरतात आणि कुणी पडला की चारी बाजूंनी हात येऊन त्याला उभं करतात. चष्मा पडला तर कुणीतरी उचलून हवेत धरून ठेवतो. कोपर वर करायचं नाही, बाहेर उभ्या असलेल्याला आत ओढायचं नाही. तुम्हाला नको असेल तर वर्तुळ मोकळं होताना दिसलं की दहा पावलं मागे या. गोल स्टेज असलं की ही वर्तुळं कुठेही उघडतात, तेवढं लक्ष ठेवा.

खरा धोका पिटचा नाही, दाटीचा आहे. ३० जून २००० रोजी डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात स्टेजपुढच्या चेंगराचेंगरीत नऊ जण गेले. मैदानात मधे मधे जे लोखंडी कठडे दिसतात, ते मागच्यांचा लोंढा पुढच्यांवर कोसळू नये म्हणून असतात. त्यांना वैतागू नका. हात वर करायला जागा उरली नाही असं वाटलं, तर गाणं कितीही आवडतं असो, निघा. हात छातीपुढे घडी करून ठेवा, म्हणजे श्वासाला जागा राहते. लोंढ्याच्या विरुद्ध ढकलू नका. लाट ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरका. अगदी पुढे असाल आणि चक्कर येत असेल तर दोन्ही हात वर करून सुरक्षारक्षकाकडे बघा, ते कठड्यावरून उचलून घेतात. त्यांच्याकडे पाण्याचे पेलेही असतात, मागायला लाजू नका.

दोन बोटांचं शिंगांचं चिन्ह तुम्ही कराल, सगळेच करतात. रॉनी जेम्स डिओ या गायकाने ते मंचावर रूढ केलं आणि तो सांगायचा की हे त्याने आपल्या इटालियन आजीकडून घेतलं; ती दृष्ट लागू नये म्हणून बोटं तशी करायची. म्हणजे हजारो काळ्या कपड्यांतले लोक हात उंचावून बँडची दृष्टच काढत असतात. आपली आजी मीठ-मोहऱ्या घेऊन आली असती, एवढाच फरक. अंगठा मात्र आत दुमडा. बाहेर काढलात तर चिन्ह वेगळं होतं.

मान हलवायची असेल तर कमरेपासून हलवा. नुसती मान झटकलीत तर सोमवारी मीटिंगमध्ये डावीकडच्या सहकाऱ्याकडे बघायला अख्खी खुर्ची फिरवावी लागेल.

पायरी ७ : बाहेर

ऑलिम्पिक स्टेडियमचं जवळचं स्टेशन ऑलिम्पियाझेंट्रुम, यू-३ मार्गावर. सगळे तिकडेच जातात आणि जिन्यावर अडकतात. आमची युक्ती: एक स्टेशन पुढे पेटुएलरिंगपर्यंत चालत जायचं. तिथून यू-३ ने पुढचंच शाइडप्लाट्स, आणि तिथे यू-२ बदलून थेट मुख्य स्टेशन. शुक्रवार-शनिवारी यू-बान जास्त उशिरापर्यंत धावते, रविवारी नाही. २६ तारखेच्या रविवारी गेलेल्या आमच्या ओळखीच्यांना हे फलाटावर कळलं.

घाई नसेल तर एक काम करा. स्टेडियमला लागून ऑलिम्पियाबेर्ग नावाची हिरवी टेकडी आहे, महायुद्धात पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर उभी राहिलेली. तिकीट न मिळालेले लोक चादरी पसरून तिथे फुकटात ऐकत बसतात. गर्दी ओसरेपर्यंत त्यांच्यात जाऊन अर्धा तास बसा. आम्ही त्या रात्री त्याच टेकडीखालून पळत गेलो. वरून कुणीतरी ओरडून विचारलंही, एवढ्या लवकर कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी कानांत बारीक शिट्टी वाजत असेल तर दिवसभर शांत राहा, हेडफोन नको. चोवीस तासांनीही ती गेली नाही किंवा एका कानाने कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे लगेच जा. हे आठवडाभर ढकलायचं काम नाही. मग टीटीएमएमचा हिशेब ग्रुपवर टाका. बॅगेत फांडचे दोन ग्लास राहिलेले सापडतील. त्यांचे पैसे गेले, पण त्यात चहा छान लागत नाही हे मी करून पाहिलंय, पेनं ठेवा.